वाऱ्याकडचं अर्धं घर

परळ,
१९ जानेवारी २०२१

चि. पूर्वी,

आशीर्वाद. द्यायला दुसरं काही नाही, आणि आशीर्वादाला सायकलवर वजन होत नाही.

तुझं मुरूडचं पत्र दीपकने आणून दिलं. आपल्या चाळीतला एक पोरगा यष्टीवर ड्रायव्हर आहे आणि त्याची गाडी कधी मुरूडला, कधी श्रीवर्धन-हरिहरेश्वरला जाते, हे तुझं नशीब. पत्र देऊन गेला म्हणशील तर नाही, बसला. चहा घेतला, वर खारी आहे का म्हणून डब्याकडे बघितलं. तू पणजीला पोचेपर्यंत हा माझ्या दुधावर पोसला जाणार.

फोन कर, फोन कर, असं तुझा बाप म्हणतो. माझ्या कानाला फोन लावला की डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतं, आणि तू तिकडून ओरडलीस की तुझं आख्खं बोलणं खालच्या मजल्याला आधी कळतं. तिसरी शिकले ती काय वाण्याची चिठ्ठी वाचायलाच? लिहीत जा.

लोअर परळच्या त्या काचेच्या हापिसाने तुला घरी बसवलं, हे मला समजतं. तुझ्या आजोबांना त्याच आवारात गिरणी होती तेव्हा घरी बसवलं होतं. तेही सायकल मारायचे. परळ ते शिवडी, शिवडी ते भायखळा, काम मिळेल तिकडे. त्याला कोणी टूर म्हणालं नाही. घरी आले की पाय चेपून मागायचे, एवढंच.

तुझ्या टी-शर्टावर 'सोलो अनसपोर्टेड' लिहिलंय, त्याचा अर्थ मी दीपकला विचारला. म्हणाला, एकटी आणि कोणाच्या आधाराशिवाय. अगं, तशी मी एकोणीस वर्षं आहे. मला कोणी टी-शर्ट दिला नाही.

वादळ होऊन आठ महिने झाले आणि तू आता बघायला निघालीस. वादळाचं नाव पण काय, तर निसर्ग. उद्या भूकंपाला शांताराम म्हणतील.

एकच सांगते. श्रीवर्धन सोडून हरिहरेश्वरला निघालीस की उजव्या हाताला वेळशेतचा फाटा लागेल. आत वळू नकोस. आपलं घर होतं तिथे, ते कधीच पडलं. बघण्यासारखं काही नाही, भेटण्यासारखं तर मुळीच नाही. सरळ पुढे जा.

दुर्गा


दिवेआगर,
२३ जानेवारी

आजी,

आगरदांड्याला सायकल बोटीत टाकली आणि दिघीला उतरले. तिथून पुढे रस्ता जसा वळतो तसं चित्र बदलत जातं. माड मधूनच मोडलेत, वरचा शेंडा गायब. पोफळी तर एकावर एक पडलेल्या. आता कापून रचून ठेवल्यात, सरपण म्हणून. ज्यांच्याकडे राहिले त्या काकांनी सांगितलं, नवीन पोफळ लावली तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं. त्यांचं वय बहात्तर. तरी खड्डे खणत होते.

मी खूप फोटो काढले. एका भल्यामोठ्या उन्मळलेल्या माडाशेजारी सायकल उभी करून काढलेला तर इतका छान आलाय, लोकांनी खूप शेअर केला. लोक किती खंबीर असतात, आजी! मी एका काकूंना तसं म्हटलंसुद्धा. त्या वाटाणे सोलत राहिल्या.

एकाने मात्र मला टोमणा मारला. टपरीवर बसला होता. म्हणाला, "म्याडम, वादळ बघायला आलात? जरा उशीर केलात. जूनमध्ये यायचं, भरपूर होतं."

फाट्यावर वळणार नाही. पण आपलं घर पडलं कधी? बाबांना विचारलं होतं, ते म्हणाले आजीला विचार.

तुझी पूर्वी


परळ,
२७ जानेवारी

चि. पूर्वी,

माडाबरोबरचा फोटो शेजारच्या मेघनाने मोबाइलवर दाखवला. पडलेल्या माडावर पाय ठेवून उभी आहेस. माड काय तू मारलेला वाघ आहे? ज्याने तो लावला, पाणी घातलं, ज्याच्या बापाने त्याला नाव ठेवलं असेल, तो माणूस फोटोच्या बाहेर उभा असणार. त्याला काढला नाहीस ते बरं झालं.

आणि ज्याचं घर गेलं त्याला 'तुम्ही किती खंबीर' असं म्हणू नये. त्याला जायला दुसरी जागा नसते, म्हणून तो तिथे असतो. तुला वाटाणे सोलू लागता आलं असतं, ते का नाही केलंस? सायकलस्वाराला वाटाणे वर्ज्य आहेत का?

घर कधी पडलं ते विचारू नकोस. जुनं होतं, पडलं. घरं पडतात.

वेळशेतला वादळात काय झालं हे मला जाणून घ्यायचं नाही. कोणाला मुद्दाम विचारू नकोस. कोणी आपणहून बोलत असेल तर पडू दे कानावर, कान काय झाकून ठेवता येतात?

इकडे सगळं ठीक. दीपक आता दोन खाऱ्या खातो.

दुर्गा


एका गावातून,
२ फेब्रुवारी

आजी,

परवा मी एका गावात शिरले. नाव आता आठवत नाही. तिथे एक घर बघितलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एकच लांब घर, एकच आढं, पण दारं दोन. मध्ये भिंत. समुद्राकडची बाजू ठणठणीत. कौलं ओळीत, एकही सरकलेलं नाही. त्या दाराला पितळी कुलूप, आणि आजी, कुलपाला तेल लावलेलं! बोट लावलं तर तेल बोटाला आलं.

दुसरी बाजू म्हणजे नुसत्या भिंती. वासे मोडलेत, कौलांचा ढीग अंगणात. निळी ताडपत्री एका टोकाला भिंतीला आणि दुसऱ्या टोकाला फणसाला बांधलेली. तिच्याखाली एक खाट, एक चूल, पाण्याची कळशी आणि एक म्हातारी. चौऱ्याऐंशी वर्षांची, मूलबाळ नाही. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. वादळ आलं तेव्हा पावसाळा सुरू व्हायचा होता. म्हणजे कोकणातला आख्खा पाऊस तिने या ताडपत्रीखाली काढला. भिंतीच्या पलीकडे कोरडी खोली, आणि अलीकडे ही.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने समोरून बघितलं आणि लिहिलं, 'घर उभे आहे'. अर्धं उभं आहे ना. म्हणून छपराची मदत मिळाली ती नावापुरती.

मी तिला म्हटलं, "आजी, हे कुलूप तोडून आत का नाही गेलात?"

ती म्हणाली, "तोडायला हात हायत गो माजे. पन ता दार माजा नाय."

"कोणाचं आहे मग?"

"मुंबयवाल्यांचा," एवढंच म्हणाली आणि मला पेज वाढली.

मी कोण ते मी तिला सांगितलं नाही. तुला काय वाटतं आजी, कसली माणसं असतील ही मुंबईवाली?

पूर्वी


परळ,
६ फेब्रुवारी

पूर्वी,

हँडलवर नकाशा लावून फिरतेस, टाचणीएवढ्या ओहोळाचं नाव तुला तोंडपाठ, आणि गावाचं नाव विसरलीस? तू माझी नात आहेस की पोलीस? आरोपीला असं हळूच विचारतात, हे मीसुद्धा टीव्हीवर बघते.

हो. ते कुलूप माझं. ते अर्धं घर माझं. ती म्हातारी माझी थोरली जाऊ, रमाबाई. फाट्यावर वळू नकोस म्हटलं तेव्हाच तू वळणार हे मला कळायला हवं होतं. सायकलला ब्रेक असतात, तुझ्या डोक्याला नाहीत.

आता ऐकून घे. तुझे आजोबा गेले तेव्हा बाराव्याला आम्ही गावी गेलो होतो. कावळ्याला पान ठेवलं. मी ठेवलं, बायको होते त्यांची. कावळा येईना. अर्धा तास, तास. मी हात जोडून काय काय कबूल केलं! पोरांना सांभाळीन म्हटलं, वर्षश्राद्ध चुकवणार नाही म्हटलं. आंब्यावर पाच कावळे बसलेले, एक हलायला तयार नाही. आख्खं गाव बघतंय. मग ही थोरली उठली, पानापाशी वाकली, दोन शब्द पुटपुटली. झपकन कावळा आला आणि भाताला चोच! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा माझा, आणि ऐकलं तिचं.

त्या दुपारी आम्ही दोघी जे भांडलो ते गावात अजून कोणी विसरलं नसेल. ती म्हणाली, "तू बोलावल्याशिवाय मेल्ये तरी तुझा उंबरा चढायची नाय." मी म्हटलं, "तू मागितल्याशिवाय मी बोलवायची नाही." कुलूप घातलं आणि संध्याकाळची यष्टी पकडली. एकोणीस वर्षं दोघींनी शब्द पाळला. आजकाल कोण पाळतं?

आणि माझी बाजू वादळात टिकली ती तुझ्या आजोबांमुळे. वाटणीत थोरलीने डोंगराकडची बाजू निवडली, वाऱ्याकडची आम्हाला दिली. गाव हसलं. तुझ्या आजोबांनी गिरणीतली तार नेऊन कौलांची प्रत्येक ओळ बांधली. आता कोण हसतंय?

तिला जागा हवी असेल तर तिने मागावी. दोन शब्द लागतात. किल्ली इथे देव्हाऱ्यामागे आहे, कुठे पळाली नाही.

दुर्गा


वेळशेत,
१० फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी मोठ्या आजीला वाचून दाखवलं. वाचायला नको होतं का? तिने विचारलं, "काय म्हनता धाकटी?" मग मी काय करणार?

मी कोण ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "नाक बघितला ना तुजा. दुर्गेचा नाक. दुसऱ्याच्या घरात आदी नाकच शिरता." मी आता तिच्याबरोबर ताडपत्रीखालीच राहते. पॅनियर म्हणजे सायकलच्या त्या पिशव्या, त्यात ती कांदे ठेवते.

मागशील का, असं विचारलं. उत्तर असं: "धा म्हयने भिजल्ये ता मागन्यासाटी? मागायचा असता तर पयल्या सरीला मागला असता. वाळताना कोन मागता?" मी हिशेब केला, आठ महिनेच झालेत. म्हटलं तसं. तर म्हणाली, "भिजनाऱ्याचा हिशेब येगळा असता."

तारेचं मात्र तुझं चुकतंय, आजी. इथे रघुवीर म्हणून एक आहेत, पाऊस लागायच्या आधी सगळ्या गावाची कौलं चाळतात. मला आधी ते 'कौलं चाळणं' कळलंच नाही. त्यांनी समजावलं, दर वैशाखात छपरावर चढायचं, कौल न् कौल उतरवायचं, फुटकी बदलायची, कौलांखालच्या कुजलेल्या लाकडी रिपा काढायच्या, पालापाचोळा झाडायचा आणि पुन्हा लावायचं. एक वर्ष चुकलं तर गळतं, तीन वर्षं चुकली तर छप्पर बसतं. मी त्यांना सांगितलं की आमची बाजू आजोबांच्या तारेमुळे टिकली. ते इतके हसले की विडी पडली. म्हणाले, "तार? ती गंजून गेली पंधरा वर्सापूर्वी. मीच काढून टाकली."

दर वर्षी ते दोन्ही बाजू चाळतात. मोठी आजी सांगते म्हणून. गेल्या वर्षी लॉकडाऊन होतं, माणसं मिळेनात, ते एकटेच आले आणि म्हणाले, पावसाआधी एकच बाजू होईल, कोणती करू? मोठी आजी म्हणाली, "मुंबयवाल्यांची कर. उद्या धाकटी आली तर म्हनल, थोरलीन माजा घर कुजवला."

त्यांनी तुझी बाजू केली. रिपा नवीन घातल्या, आढ्याची कौलं सिमेंटने पक्की केली. तिची उद्या-परवा करू म्हणाले. मध्ये तीन जूनचं वादळ आलं.

मला वाटलं तुला हे माहीत असावं.

पूर्वी


परळ,
१३ फेब्रुवारी

पूर्वी,

दीपकबरोबर पुडी पाठवते. आत किल्ली आहे. रुमालाला गाठ मारलीय, ती दातांनी सोडू नकोस.

किल्ली तिला नाही. तुला. तू माझी नात, माझ्या घरात राहायचा तुला हक्क आहे. उंबरा ओलांड, झाडून घे, चूल पेटव. मग ते घर तुझं. तुझ्या घरात तू कोणाला बोलावतेस ते मी विचारणार नाही.

तारेने कौल धरत नाही. मला ते ठाऊक होतं. कौलाच्या घरात जन्मले मी, माझा बाप दर वैशाखात छपरावर असायचा. एकोणीस वर्षं न चाळता छप्पर राहत नाही, हे लहान पोरालाही कळतं. मला कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

आज जास्त लिहवत नाही. हात दुखतो.

दुर्गा


वेळशेत,
१८ फेब्रुवारी

आजी,

कुलूप एका फिरकीत उघडलं. मोठी आजी त्याला दर अमावास्येला तेल घालायची, असं आता कळलं. आत जाळी होती, कोळ्यांची, आणि तुझ्या लग्नातली पितळी समई. भिंतीवर आजोबांचा फोटो उलटा लावलेला, तो बहुधा तूच रागाने फिरवला असशील. मी सरळ केला.

झाडलं, सारवलं, चूल पेटवली आणि बाहेर जाऊन म्हटलं, "मोठी आजी, हे माझं घर आहे आणि मी तुला बोलावते. चल." मला वाटलं, झालं काम.

ती खाटेवर बसून राहिली. म्हणाली, "तुजा घर असल. बोलावनार तू कोन? भांडान दुर्गेशी हाय."

मी हरले. अंथरूण घेऊन आत गेले. तेवढ्यात बाहेरून आवाज, "गो! तरनी पोर, एकोनीस वर्सा बंद असलेल्या घरात एकटी निजनार? काय झाला तर दुर्गा माज्या नावान शंख करील." आणि वळकटी घेऊन आली. माझ्यासाठी. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि उजवा पाय आत टाकला.

पण आजी, रोज सकाळी ती वळकटी उचलून ताडपत्रीखाली नेते. दिवसभर तिथेच. तिन्हीसांजेला पुन्हा माझ्या सोबतीला येते. रोज नव्याने. आणि मी निघाले तर? मी नसेन तर तिला आत येण्याचं कारणच उरत नाही. मी काल जरा चेनला तेल घालत होते, तर लगेच तिने खाटेवर गोधड्या पसरल्या, बाहेरच्या. मी तेलाची बाटली ठेवून दिली.

म्हणजे माझी परळ-ते-पणजी सफर दीडशे किलोमीटरच्या आत संपलीय. हँडलवर बोंबील वाळत घातलेत. ग्रुपवर सगळे विचारतात, कुठवर पोचलीस? काय सांगू?

कावळ्याचं विचारलं. त्याच्या कानात काय बोललीस असं. आधी सांगेना. मग म्हणाली, "काय बोलनार? म्हटला, भावोजी, मुकाट्यान खा, नायतर मागल्या दारी कुत्रा उभा हाय."

पूर्वी


परळ,
२४ फेब्रुवारी

चि. पूर्वी,

कुत्र्याचं वाचून मी एकटीच हसले. मेघना धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. तुझे आजोबा आयुष्यभर त्याच भाषेला ऐकायचे. मी उगाच हात जोडत बसले. एकोणीस वर्षं मला वाटत होतं, थोरलीने त्यांना कसलं तरी मोठं वचन दिलंय.

आता तुझं. ग्रुपवर सांग, चाक अडकलंय. खोटं नाही.

तू म्हणशील, आजी, तूच ये आणि तिला बोलाव, विषय संपव. मी विचार केला त्यावर. पण बघ, किल्ली आता तुझ्याकडे, राहते ती, चूल तुमची. मी आले तर माझ्याच घरात मी पाहुणी. मला कोणी बोलावलंय? तिने म्हणावं, दुर्गे ये. एवढे दोन शब्द. आधी मी तिने मागायची वाट बघत होते, आता तिने बोलवायची बघते. माझ्या घरात मलाच बोलावणं लागतं, असा पेच वकिलालाही सुटायचा नाही.

आणि वैशाख काही लांब नाही. तिची बाजू तशीच उघडी राहिली तर हा पावसाळाही ताडपत्रीत. तू किती दिवस बसणार आहेस सोबतीला? तुला नोकरी शोधायची आहे. तुझा बाप मला रोज टोचतो, पोरगी वादळ बघायला गेली ती वादळातच राहिली का.

तिच्या कानावर घाल, मुद्दाम नाही, सहज. वाटाणे सोलताना.

दुर्गा


वेळशेत,
८ मार्च

दुर्गेस,

रमाबाईचा नमस्कार नाय, मी थोरली. हे पोरीच्या हातून लिहून घेत्येय. मी सांगत्ये तसाच लिहायचा, शहानपना करायचा नाय, असा तिला बजावलाय.

तू माज्या कानावर काय काय घातलंस ते पोचला. पोर वाटाने सोलायला बसली तेवाच मला कळला, काय तरी शिजतंय. तिला वाटाने सोलता येत नायत, शेंगा गिळता ती.

मी काय तुला ये म्हननार नाय. बोलावना धाडायची माजी रीत नाय. कामाचा सांगत्ये तेवडा ऐक.

तुज्या बाजूला गळतंय. चुलीच्या वर, आढ्यापासून तिसरी ओळ. परवापासून थेंब पडता. रघुवीरला दाखवला तर तो म्हनतो मालकीन आल्याबिगर मी कौलाला हात लावनार नाय, पुन्हा मुंबयवाले म्हनतील आमच्या पाठी केला. शाना झालाय. तुजा घर हाय, तू बघ. आमी काय, आज हाय उद्या नाय. मला उगाच दोष नको, की थोरली ऱ्हात व्हती आनि छप्पर गळला तरी बोल्ली नाय.

पोरीची सायकल गंजाया लागली. बोंबलाचा मीठ.

रमाबाई


परळ,
१५ मार्च

रमाबाईंस,

एकोणीस वर्षांनी तुम्हाला लिहिते. दुर्गेचा नमस्कार, थोरल्या आहात म्हणून. बाकी काही समजू नका.

तुमचं पत्र दीपकने आणलं. मी दोनदा वाचलं, मग खिडकीत जाऊन आभाळ बघितलं. काल फाल्गुन लागला. परळमध्ये धूळ उडतेय, नळाला पाणी दोन तास. दीपकला विचारलं, तिकडे पाऊस झाला का रे? तो म्हणाला, "आजी, दिवाळीनंतर थेंब नाही. रस्त्यावर काच उघडी ठेवली की तोंडात माती जाते." नव्या रिपा, पक्क्या केलेल्या आढ्याखाली, तिसऱ्या ओळीतून, कोरड्या फाल्गुनात घर गळतंय. असं घर मी ऐकलं नव्हतं. एवढी मोठी गळती बघायला मला यावंच लागेल.

परवा बुधवारी दीपकच्या गाडीने निघते. फाट्यावर उतरवील. पोरीला घ्यायला पाठवा, पण सायकल आणू नका, मी मागे बसणार नाही. पूर्वीला सांगा, मी उंबऱ्यात पाय टाकला की तिने गंज घासायचा आणि पणजीला सुटायचं. तिच्या सोबतीची गरज संपली. तुमची वळकटी सकाळी बाहेर न्यायचं कारण नाही, रात्री मला घोरायची सवय आहे, कोणी तरी हलवून उठवायला लागतं.

रघुवीरला सांगून ठेवा, वैशाखाची वाट बघायची नाही. वासे बघायला लगेच यावं. या वर्षी आधी तुमची बाजू, मग माझी. माझी एक वर्ष चाळली नाही तर काय होतंय ते बघू, तशीही गळतेच आहे.

मी बोलावलं म्हणून तुम्ही आत आलात, असं तुम्ही गावात सांगायचं नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून मी आले, असं मी सांगणार नाही. गळतंय म्हणून आले. कोणी विचारलं तर हेच.

तोवर चुलीवरच्या त्या थेंबाखाली एखादं पातेलं ठेवा. किती भरलंय ते मी आल्यावर बघते.

दुर्गा